किटी टर्मिनल टीमला लावला, आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

किटी हा टर्मिनल प्रोग्राम, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. आधीच सांगतो, तो जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) चालतो, फास्ट आहे वगैरे इथे लिहिणार नाहीये, ते सगळीकडे वाचायला मिळतं आणि खरं सांगायचं तर आमच्या टीममधे तो फरक कोणाच्या लक्षातही आला नाही. मला एकच गोष्ट हवी होती, नऊ जणांच्या मशीनवर बेसिक सेटिंग्ज सारखी असावीत आणि ज्याला त्यातलं काही बदलायचंय त्याने खुशाल बदलावं, माझ्याकडे यायची गरज नको. त्या एका कामासाठी किटी कसा आहे तेवढंच सांगतो.

आमच्याकडे सहा उबुंटू, दोन मॅक, एक विंडोज. कोणाचं काही अडलं की त्याच्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि पहिली पाच मिनिटं अक्षरं मोठी करण्यात आणि कॉपी पेस्टचा शॉर्टकट शोधण्यात घालवायची. त्यात बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणं) फेल झालेलं असायचं आणि एरर कुठाय विचारलं तर "वर गेली, आता दिसत नाही", कारण स्क्रोलबॅक (वर गेलेल्या किती ओळी परत बघता येतात ते) कोणी कधी वाढवलेलाच नाही.

पहिला प्रयत्न गनोम टर्मिनलवरच केला, कारण तो उबुंटूवर होताच. त्याची सेटिंग्ज डीकॉन्फमधे असतात, म्हणजे उघडून वाचता येईल अशी टेक्स्ट फाइल नाही, बायनरी डेटाबेस. सगळ्यांसाठी डिफॉल्ट द्यायचे तर इटीसीतल्या (लिनक्सवर संपूर्ण मशीनच्या सेटिंग्जचं फोल्डर) डीकॉन्फच्या फोल्डरात एक की-फाइल टाका, प्रोफाइल फाइलमधे त्या डेटाबेसचं नाव लिहा, मग रूट (अॅडमिन) होऊन डीकॉन्फ अपडेट चालवा, आणि टर्मिनलच्या प्रोफाइलला नावाऐवजी हा एवढा लांब युयूआयडी, म्हणजे आकडे-अक्षरांचा ओळख क्रमांक. जमतं, मी जमवलं होतं. पण मी सुट्टीवर असताना दुसऱ्या कोणाला त्यात हात घालायची हिंमत झाली नाही, आणि त्याला मी दोष देणार नाही.

किटीमधे हेच काम एका फाइलवर होतं. इटीसीमधे एक्सडीजी, त्यात किटी नावाचं फोल्डर, त्यात किटी डॉट कॉन्फ. ती फाइल असेल तर किटी ती आधी वाचतो आणि नंतर युजरच्या होममधली त्याची स्वतःची फाइल वाचतो, दोन्हीकडे एकच सेटिंग असेल तर युजरचं जिंकतं. बस. ताट वाढलेलं आहे, मीठ लिंबू ज्याचं त्याने घ्यावं. मला ह्या सगळ्या प्रकारात आवडलेली गोष्ट हीच, बाकी फीचर्स गेले तरी चालतील.

आमच्या फाइलमधे जेमतेम चौदा ओळी आहेत. फॉन्ट साइज ११ची १३ केली, स्क्रोलबॅक डिफॉल्ट २००० ओळींचा असतो तो २०००० केला, बेलचा आवाज बंद (सगळे एकाच मोकळ्या हॉलमधे बसतात त्या ऑफिसातल्याला कारण सांगायला नको), आणि अपडेट आलंय का ते किटी दर २४ तासांनी स्वतः बघतो ते शून्य करून टाकलं कारण पॅकेज आम्हीच अपडेट करतो. रिमोट कंट्रोल (दुसऱ्या प्रोग्रामने किटी चालवायची सोय) मुळातच बंद असतो, त्याला हात लावला नाही आणि तुम्हीही उगाच लावू नका.

ह्या चौदा ओळी इटीसीतल्या फाइलमधे थेट नाहीत, तिथे खरं तर एकच ओळ आहे, इन्क्लूड (दुसरी फाइल आत घेणारी), आणि ती गिटमधून (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारी सिस्टम) आलेल्या फोल्डरकडे बोट दाखवते, त्यामुळे कोणाला काही बदल सुचला तर तो पुल रिक्वेस्ट (हा बदल घ्या अशी विनंती) टाकतो आणि त्यावर भांडण जे काय व्हायचं ते तिथेच होतं. इन्क्लूडच्या नावात किटी ओएस नावाचा व्हेरिएबल चालतो, लिनक्सवर लिनक्सची फाइल उचलतो आणि मॅकवर मॅकची, म्हणून मॅकवाल्याचा फॉन्ट साइज वेगळा ठेवता आला. बदल आला की आमच्याकडे चालू विंडोत कंट्रोल शिफ्ट एफ ५ मारतो, की किटी फाइल परत वाचतो.

आता रडगाणं. फॉन्टचं नाव फाइलमधे लिहिलं पण तो फॉन्ट दोन मशीनवर टाकायचाच राहिला. किटीने गुपचूप दुसरा फॉन्ट लावला आणि त्या दोघांनी आठवडाभर मला सांगितलं नाही, त्यांना वाटलं टीमचा फॉन्टच असा घाणेरडा आहे!

मग आमच्यातल्या एकाने नेटवरून कोणाची तरी चारशे ओळींची फाइल जशीच्या तशी होममधे आणून टाकली. त्यात प्रत्येक सेटिंग लिहिलेलं, त्यामुळे आमच्या चौदा ओळींतली एकही त्याच्यापर्यंत पोचेना, आणि हा म्हणतोय तुमचं टीम कॉन्फिग चालत नाही. इथे कंट्रोल शिफ्ट एफ ६ कामाला आलं, त्यात कुठल्या फाइल्स वाचल्या गेल्या आणि डिफॉल्टपेक्षा काय काय वेगळं आहे ते सगळं दिसतं, दोन मिनिटांत चोर सापडला. त्याच फाइलमधे सगळे शॉर्टकट पुसणारी एक ओळ पण होती, ती तिच्या आधीचे सगळेच शॉर्टकट उडवते, म्हणजे टीमचे पण गेले. युजरचं जिंकतं म्हणजे हे असंही जिंकतं, ते धरूनच चला.

सगळ्यात जास्त वैताग एसएसएचचा, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या कमांडचा. किटी स्वतःची ओळख एक्सटर्म-किटी अशी सांगतो आणि समोरच्या जुन्या सर्व्हरला हा प्राणी माहीतच नसतो, मग तिथे टॉपसारखी साधी कमांड चालवली की अननोन टर्मिनल टाइप म्हणून ओरडते. उपाय आहे, नुसत्या एसएसएच ऐवजी किटन एसएसएच म्हणायचं, ते टर्मइन्फो (टर्मिनलची ओळख सांगणारी फाइल) पलीकडे कॉपी करतं. पण आमच्या एका क्लायंटच्या सर्व्हरवर एक फाइलसुद्धा ठेवायला परवानगी नाही, तिथे टर्म व्हेरिएबल (टर्मिनलचं नाव सांगणारी सेटिंग) एक्सटर्म-२५६कलर करूनच जावं लागतं, आणि हे नवीन माणसाला दर वेळी सांगावं लागतं. सांगितलं नाही तर तो पहिल्याच दिवशी मला फोन करतो, तेही जेवताना.

किटन एसएसएचचा एक फायदा मात्र जबरदस्त आहे, त्याच्या वेगळ्या कॉन्फ फाइलमधे होस्टच्या नावाप्रमाणे कलर स्कीम देता येते. आम्ही प्रॉडक्शनच्या (ग्राहक वापरतात त्या) होस्टना लालसर बॅकग्राउंड दिलंय. स्टेजिंग (चाचणीचा सर्व्हर) समजून प्रॉडवर कमांड मारायचा हात आता थबकतो, माझा स्वतःचा दोनदा थबकला.

देवनागरी? आमच्या लॉगमधे ग्राहकांची नावं मराठीत येतात म्हणून सिम्बॉल मॅपने (कुठल्या अक्षरांना कुठला फॉन्ट ते सांगणारी सेटिंग) देवनागरीच्या रेंजला नोटोचा फॉन्ट लावून बघितला, वाचता येतं, पण एका मापाच्या चौकटीत मात्रा आणि जोडाक्षरांची ओढाताण होतेच. मी वापरलेल्या कुठल्याच टर्मिनलमधे ते पूर्ण समाधान झालेलं नाही.

विंडोजवर किटी येत नाही, त्यामुळे आमचा एकटा विंडोजवाला विंडोज टर्मिनलवरच आहे, त्याला फ्रॅगमेंट नावाची जेसॉन फाइल (सेटिंग्जची टेक्स्ट फाइल) प्रोग्रामडेटा फोल्डरात टाकून निदान रंग तरी सारखे दिले. आणि मॅकवाल्या दोघांपैकी एक आयटर्म (मॅकवरचा दुसरा टर्मिनल) सोडायला तयारच झाला नाही. त्याच्यावर जबरदस्ती कशाला, त्याच्या डायनॅमिक प्रोफाइल्सच्या फोल्डरात आमची एक जेसॉन टाकली आणि गंमत म्हणजे त्याला रीस्टार्ट पण लागला नाही, फाइल टाकली की प्रोफाइल दिसला. फक्त मॅकची टीम असेल तर मी तेच सुचवेन.

डॉक्युमेंटेशन उत्तम आहे, ई-बुकवालं कॅलिबर ज्यांनी बनवलं त्या कोविद गोयल यांचाच हा प्रोजेक्ट. फक्त कॉन्फचं पान इतकं लांब आहे की कंट्रोल एफशिवाय त्यात शिरू नका. पैसे लागत नाहीत, ओपन सोर्स आहे.

पाचपैकी चार देतो, एक एसएसएचसाठी कापला. आणि हो, फॉन्ट साइज १३ केला होता ना, तो किटी वापरणाऱ्या सातपैकी पाच जणांनी आपापल्या फाइलमधे बदलून टाकलाय, मला एकाचाही फोन आला नाही.