कबिरिया (१९१४): चांगली प्रिंट मिळाली तरच बघा

हा इटालियन मूकपट पहिल्यांदा लावला तेव्हा अर्ध्या तासात बंद केला होता मी. फुकटात मिळालेली कॉपी, चेहरे धुरकट, माणसं तुरुतुरु पळतायत आणि मागे भलताच पियानो. परवा रिस्टोअर केलेली प्रिंट बघितली, योग्य स्पीडला, आणि जागचा हललो नाही.

गोष्ट रोम आणि उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज यांच्यातल्या दुसऱ्या प्युनिक युद्धाच्या काळातली. सिसिलीतला एटना ज्वालामुखी फुटतो, त्या गोंधळात छोटी कबिरिया चाच्यांच्या हाती लागते आणि कार्थेजमध्ये विकली जाते, तिथे मोलोख देवाला बळी द्यायची तयारी. तो देवळातला सीन बघाच! प्रचंड मूर्ती, तिच्या छातीतलं दार उघडतं, आत भट्टी, आणि पुजारी एकेक पोर आत सोडतायत. या सीनसाठी संगीतकार पिझ्झेत्तीने खास ‘सिम्फनी ऑफ फायर’ लिहिली होती, तीच लावून बघा.

पण मला खरं वेड लावलं ते कॅमेऱ्याने. दिग्दर्शक पास्त्रोनेने तो चाकांच्या गाडीवर ठेवलाय आणि माणसांकडे इतका हळू सरकवलाय की आधी कळतच नाही, मग लक्षात येतं की अरे मघाशी तो खांब इथे नव्हता, म्हणजे सेट रंगवलेला पडदा नाही, खरंच उभा केलाय. आपल्याकडे फाळकेंचा हरिश्चंद्र जेमतेम वर्षभर आधीचा, त्यामुळे तर जास्तच भारी वाटतं.

माचिस्ते या बलदंड आफ्रिकन गुलामाचं काम करणारा बार्तोलोमेओ पगानो जेनोआच्या बंदरावरचा हमाल होता. लोखंडी गज वाकवतो तेव्हा ती ताकद खोटी वाटत नाही. पण गोऱ्या माणसाला काळा रंग फासलाय ते खटकतंच, आणि इटलीने नुकतंच लिबिया घेतलं होतं हे माहीत असलं की रोमचा तो उदोउदो जरा बोचतो.

मधला भाग लांबलाय. कार्थेजचा सेनापती हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स ओलांडतो, आर्किमिडीज आरशांनी जहाजं जाळतो, सगळं भव्य आहे पण कोण कुठल्या बाजूचा ते विसरायला होतं. मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या इटालियन कवी दान्नुन्झिओने लिहिल्यात, फार अलंकारिक, त्या पॉज करून वाचा. शेवटाकडे कार्थेजची सरदारकन्या सोफोनिस्बा विष घेते तिथे मात्र पॉज करू नका.

इटलीत तुरिनला कुणी जाणार असेल तर मोले आंतोनेल्लियाना या इमारतीतल्या सिनेमा म्युझियममध्ये मोलोखची मूर्ती ठेवलीये, मला तिच्यासमोर एकदा उभं राहायचंय.