गिम्पमध्ये हलतं मराठी नाव: काही महिने वापरल्यावरचं मत

गिम्प हे चित्रं संपादित करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून बरेच जण उतरवून घेतात आणि हलतं नाव, म्हणजे अक्षरागणिक उमटणारं किंवा चमकणारं जिफ (हलत्या चित्राची फाइल), करायला बसले की वैतागतात, कारण यात टाइमलाइन, म्हणजे फ्रेम वेळेनुसार मांडायची पट्टीच नाही. एक लेअर (चित्राचा एक थर) म्हणजे एक फ्रेम, एवढाच हिशोब. सगळ्यात खालचा लेअर आधी दिसतो, वरचा शेवटी. नाव उमटण्याऐवजी पुसत चाललेलं दिसलं तर लेअर मेनूतल्या स्टॅकमध्ये जाऊन क्रम उलटा करायचा. आधी २.१० आणि मग ३.० ही आवृत्ती वापरून झालेलं मत असं: देवनागरी नावासाठी साधन चोख, पण कष्ट सगळे हाताचे.

चोख म्हणायचं कारण जोडाक्षरं. मजकूर मांडायला गिम्प पँगो आणि हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या प्रणाली वापरतं, त्यामुळे युनिकोड फॉन्टात ‘श्रद्धा’, ‘ज्ञानेश्वरी’ काहीही न करता बरोबर उमटतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी आधी वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करावं लागायचं, नाहीतर वेलांटी भलतीकडे जायची आणि अक्षरांचे पाय मोडलेले दिसायचे. ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ अशा आडनावांत मात्र नुक्त्याचा ऱ टंकलेला हवा. साधा र घेतला की रफार होऊन ह च्या डोक्यावर बसतो. टेक्स्ट टूलच्या पर्यायांत भाषा निवडायची सोय आहे, तिथे मराठी ठेवा. फॉन्टात तशी तरतूद असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांच्या नादी लागू नका. मुक्ता आणि बलू हलत्या नावाला छान चालतात. मोदक दिसायला झकास, पण त्यातल्या बारीक पांढऱ्या फटी लहान आकारात बुजतात. नाव निदान २०० पिक्सेल उंच असेल तरच तो घ्या.

आता खरी मेख. अक्षरागणिक उमटणारं नाव करताना बहुतेक जण प्रत्येक अक्षर वेगळ्या टेक्स्ट लेअरवर लिहितात. तिथेच शिरोरेषा तुटते. रेघेच्या दोन्ही टोकांचे पिक्सेल अर्धपारदर्शक असतात, ते एकमेकांना भिडवले तरी सांध्यावर फिकट उभी चीर राहते. शिवाय अक्षरांमधलं अंतर बिघडतं ते वेगळंच. त्यापेक्षा ६०० बाय २४० च्या कॅनव्हासवर १२० पिक्सेलमध्ये अख्खं नाव एकदाच लिहा, लेअर कॅनव्हासएवढा करा आणि हव्या तितक्या प्रती काढा. प्रत्येक प्रतीत डाव्या काठापासून हव्या त्या अक्षरापर्यंत सिलेक्शन करा, त्यावरून लेअर मास्क (सिलेक्शनबाहेरचा भाग झाकणारा पडदा) लावा आणि मास्क अप्लाय करा, म्हणजे झाकलेला भाग कायमचा जातो.

काप कुठे घ्यायचा? ज्ञा, ने, श्व, री असा, म्हणजे तोंडाने म्हणताना जिथे तुटतं तिथे. कळफलकावरच्या क्रमाने फ्रेम केल्या तर ‘श्व’च्या आधी पाय मोडलेला श् दिसतो, आणि ‘वि’ लिहिताना आधी व येऊन मग वेलांटीसाठी उजवीकडे सरकतो. पाहणाऱ्याला नाव अडखळल्यासारखं वाटतं. काही फॉन्टांत मात्रा किंवा रफाराचं टोक शेजारच्या अक्षरावर झुकतं. तिथे चौकोनी सिलेक्शन टोक छाटतं, म्हणून शिरोरेषेच्या वरचा भाग फ्री सिलेक्टने वळसा घालून घ्यायचा.

वेळ लेअरच्या नावातच लिहायची: कंसात मिलिसेकंदांचा आकडा आणि त्याला चिकटून रोमन एम-एस, पुढच्या कंसात रोमनमध्येच रिप्लेस. आकडेही इंग्रजीच हवेत. देवनागरीत १२० लिहिलं तर गिम्प ते वाचत नाही आणि एक्स्पोर्टच्या खिडकीतली ठरावीक वेळ लावून मोकळं होतं. ‘वेग बदलतच नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा हेच. जिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, म्हणून आकडा १० च्या पटीत ठेवा. मात्र नुसते १० दिले तर ब्राउझर ते १०० धरतात. अक्षरांना १२०, शेवटच्या पूर्ण नावाला १५००, हे प्रमाण डोळ्याला बरं वाटतं. रिप्लेस विसरलात आणि पार्श्वभूमी पारदर्शक असली, तर आधीची फ्रेम खाली तशीच राहते.

नावावरून सरकणारी चमक हवी असेल तर पूर्ण नावाची प्रत घ्या, लेअर पॅनेलमध्ये अल्फा लॉक करा (म्हणजे रंग फक्त अक्षरांवरच चढतो) आणि ग्रेडियंट टूल बाय-लिनिअर करून पांढऱ्यापासून पारदर्शकाकडे तिरका पट्टा ओढा. पुढच्या फ्रेममध्ये तोच पट्टा ३० पिक्सेल उजवीकडे. ६०० च्या रुंदीला वीसेक फ्रेम होतात. प्रत दर वेळी मूळ नावाचीच. आधीच्या फ्रेमची घेतली की पट्टे साचत जाऊन शेवटी नाव पांढरं फटक होतं. या वीस फ्रेम हाताने करताना टाइमलाइनची आठवण हटकून येते.

शेवटच्या टप्प्यात क्रम चुकला तर सगळं वाया. जिफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक नाहीतर पूर्ण भरीव, मधलं काही नाही. म्हणून चित्र आरजीबीत (पूर्ण रंगांच्या मोडमध्ये) असतानाच, ज्या रंगावर नाव झळकणार तो बॅकग्राउंड रंग निवडून प्रत्येक लेअरवर सेमी-फ्लॅटन चालवा, म्हणजे अर्धपारदर्शक कडांत तो रंग मिसळतो. नाहीतर कडा करवतीसारख्या दिसतात. मग इंडेक्स्ड मोड, म्हणजे मोजक्या रंगांची यादी. कमाल रंग २५६, पण साध्या नावाला ६४ पुरतात. डिदरिंगमध्ये (नसलेले रंग ठिपक्यांनी भासवण्याच्या पद्धतीत) फ्लॉइड-स्टाइनबर्ग नको: त्याचे ठिपके दर फ्रेमला जागा बदलतात, सोनेरी अक्षरांवर मुंग्या धावल्यासारख्या दिसतात आणि फाइलही फुगते. पोझिशन्ड घ्या किंवा डिदरिंग बंदच ठेवा. त्यानंतर अ‍ॅनिमेशन मेनूतलं ऑप्टिमाइझ फॉर जिफ, जे वेगळी प्रत उघडून फक्त बदललेला भाग ठेवतं. प्लेबॅकमध्ये एकदा पाहा, मग एक्स्पोर्ट करताना अ‍ॅज अ‍ॅनिमेशनवर खूण करा. ती राहिली तर फक्त स्थिर चित्र मिळतं. मूळ एक्ससीएफ (गिम्पची स्वतःची, लेअर राखणारी) फाइल इंडेक्स्ड करण्याआधीच सेव्ह केलेली असू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर जिफ पाठवलं की त्याचा व्हिडिओ होतो आणि पारदर्शकता जाते. स्टिकर करायचं असेल तर जिफ सोडून वेबपी हा दुसरा फाइलप्रकार घ्या: ५१२ बाय ५१२, फाइल ५०० केबीच्या आत, लांबी १० सेकंदांपर्यंत. तेही गिम्पमधूनच निघतं, अर्धपारदर्शक कडा शाबूत राहतात आणि सेमी-फ्लॅटनचा खटाटोप लागतच नाही.

३.० मध्ये अक्षरांना बाह्यरेषा टेक्स्ट टूलमध्येच देता येते, त्यामुळे सिलेक्शन वाढवून खाली रंग भरायचं काम वाचलं. फिल्टरही लेअरवर नुसते लावून ठेवता येतात आणि नंतर बदलता येतात. पण घरी ३.० आणि दुकानात २.१० असेल, तर असे फिल्टर मर्ज केल्याशिवाय फाइल तिकडे नेऊ नका.