नेचर की पॅसिव्ह? स्वभावाच्या बाजूने पोकेमॉन स्कार्लेट आणि पॅलवर्ल्ड

दोन्ही गेम कशाबद्दल आहेत ते सांगत बसत नाही, हे वाचणाऱ्याचे ट्रेलर आणि रिव्ह्यू बघून झालेलेच असणार. मला एकाच गोष्टीवर बोलायचंय. गेम घेताना ती कोणी विचारत नाही, पण एकदा खेळात मुरलात की तीच डोक्यात फिरत राहते: पकडलेल्या प्राण्याचा स्वभाव. पोकेमॉनमध्ये त्याला नेचर म्हणतात, पॅलवर्ल्डमध्ये ते काम पॅसिव्ह स्किल्स करतात. मी दोन्ही भरपूर खेळलोय, आणि सध्या त्यातला एकच रोज उघडतो.

नुसती स्टोरी खेळून बाजूला ठेवणार असाल तर नेचरचा विचारच करू नका. एकूण 25 नेचर, त्यातल्या 5 नेचरचा स्टॅटवर (म्हणजे अटॅक, स्पीड अशा ताकदीच्या आकड्यांवर) काहीच परिणाम नाही, उरलेल्या 20 मध्ये एक स्टॅट 10 टक्के वर जातो आणि दुसरा 10 टक्के खाली येतो, एचपीला (किती मार सोसता येतो तो आकडा) कोणी हात लावत नाही. स्टोरीत तुमची टीम समोरच्यापेक्षा दोन-चार लेव्हल पुढे असली की हे 10 टक्के कुठे गेले ते कळतसुद्धा नाही. मी तर पहिल्यांदा खेळताना निम्म्या टीमचं नेचर उघडून पाहिलंच नव्हतं आणि काही अडलं नाही.

ऑनलाइन रँक्डमध्ये, म्हणजे दुसऱ्या खेळाडूंशी क्रमवारीसाठी लढताना, मात्र वेगळा हिशेब. तिथे सगळे लेव्हल 50 वर येतात, त्यामुळे लेव्हलच्या जोरावर कोणी सुटत नाही. गारचॉम्प या पोकेमॉनचं घ्या. स्पीडला पूर्ण ट्रेनिंग दिलेला ॲडमंट (अटॅक वाढवणारं नेचर) गारचॉम्प 154 वर थांबतो, तोच जॉली (स्पीड वाढवणारं) असला तर 169. आता समोर टिमिड (हेही स्पीड वाढवणारं) वोल्कारोना आला, त्याचा स्पीड 167. म्हणजे जॉली असाल तर दोन पॉइंटांनी तुमचा हल्ला आधी, ॲडमंट असाल तर आधी त्याचा, आणि बऱ्याच मॅचमध्ये पहिला हल्ला कोणाचा यावरच सगळं ठरतं. गेंगारचं तर अजून स्पष्ट दिसतं, मॉडेस्ट (स्पेशल अटॅक वाढवणारं) गेंगारचा स्पेशल अटॅक 200 पर्यंत जातो आणि चुकून ॲडमंट निघाला, जे स्पेशल अटॅक घटवतं, तर 163. प्राणी तोच, ट्रेनिंग तेवढंच. त्यामुळे "नेचरने काय फरक पडतो" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, खेळतोयस कुठे?

पॅलवर्ल्डमध्ये हे असं लपलेलं नाही, आणि ही त्या गेमची मोठी जमेची बाजू आहे असं मला अजूनही वाटतं. पॅल, म्हणजे तिथले पकडलेले प्राणी, बेसवर दिवसभर डोळ्यांसमोर राबत असतात. आर्टिझन पॅसिव्ह असलेला अनुबिस कामाच्या टेबलापाशी उभा राहिला की 50 टक्के जास्त वेगाने वस्तू बनवतो, आणि ती पट्टी सरसर भरताना बघायला खरंच मजा येते. त्याच टेबलापाशी स्लॅकरवाला उभा केला तर वेग 30 टक्के कमी, तुम्ही शेजारी वाट बघत उभे. आकडा न बघता कळतं की हा कामसू आणि हा आळशी. नॉक्टर्नल असलेला रात्री झोपतच नाही, बाकी बेस शांत झालेला असतो आणि हा एकटा काम करत असतो. स्वभाव म्हणजे असंच काहीतरी दिसायला हवं, ही अपेक्षा पॅलवर्ल्ड पूर्ण करतो. पोकेमॉनमधला जॉली आणि टिमिड एकमेकांशेजारी उभे केले तर वागण्यात काही वेगळं ओळखू येत नाही, समरी स्क्रीनवर जाऊनच बघावं लागतं.

एवढं वाचून वाटेल की माझं मत पॅलवर्ल्डला आहे. सुरुवातीला होतंही. पण मला नंतर जे खटकत गेलं ते सांगतो, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

पोकेमॉनमध्ये सरसकट वाईट असं नेचर नाही. एकाला नको ते दुसऱ्याला हवं असतं, ॲडमंट गेंगारला नकोय पण गारचॉम्पला चालतं, स्पीड कमी करणारं ब्रेव्ह किंवा क्वाएट बहुतेकांना नको असतं पण ट्रिक रूम (कमी स्पीडवाल्याला आधी हल्ला करू देणारी चाल) टीमवाले तेच शोधत असतात. पॅलवर्ल्डमध्ये काही पॅसिव्ह अशा जोडीतल्या आहेत हे खरं, मसलहेडमध्ये अटॅक 30 टक्के वाढतो आणि कामाचा वेग 50 टक्के घटतो, म्हणजे तो बरोबर घेऊन फिरायचा, बेसवर ठेवायचा नाही, हे छानच आहे. पण स्लॅकर, कॉवर्ड, क्लम्झी यांच्यात फायद्याची बाजूच नाही. आणि एका पॅलला चार पॅसिव्ह असू शकतात. मग काय होतं, की तुम्हाला चारही हवेच तसे पाहिजे असतात, आणि तिथून ब्रीडिंग सुरू होतं. पीठ, बेरी, दूध, अंडी, मध गोळा करून केक करा (तो नसेल तर अंडं मिळत नाही), जोडी लावा, अंडं उबवा, बघा, तीन बरोबर आले आणि चौथा भलताच घुसला, परत केक. पिलं येत राहतात आणि त्यातलं जवळपास प्रत्येक पिलू नको असलेलं असतं. त्यांचं करायचं काय, तर कंडेन्सर नावाच्या यंत्रात टाकून दुसऱ्या पॅलला ताकद वाढवणारे स्टार मिळवायचे. सिस्टीम म्हणून व्यवस्थित बसवलेलंय, काही वाया जात नाही. पण थोड्या दिवसांनी मी पॅलकडे बघायचोच नाही, फक्त त्या चार ओळी बघायचो. आणि ज्या पॅलबरोबर मी सुरुवातीचे सगळे बॉस मारले, तो एका नकोशा ओळीमुळे बॉक्समध्ये पडून राहिला. हे मला फार लागलं. प्राणी गोळा करायचा गेम आहे, आणि ज्याच्याशी खरी ओळख झाली तोच बाहेर.

आता रास्त बोलायचं तर पॅलवर्ल्डमध्ये नंतर सर्जरी टेबल आलंय, इम्प्लांट (पॅसिव्ह बसवायची वस्तू) मिळाला की पॅसिव्ह बदलता येते, त्यामुळे माझ्या वेळेपेक्षा आता त्रास कमी असेल. आणि पोकेमॉन यात धुतल्या तांदळासारखा अजिबात नाही. 2002 ला रुबी-सफायरमध्ये नेचर आलं तेव्हापासून अख्खं एक युग असं होतं की नेचर एकदा लागलं की लागलं, लेजंडरी (दुर्मिळ पोकेमॉन) पकडायच्या आधी सेव्ह करा, पकडा, नेचर बघा, नाही आवडलं तर रिसेट, परत तेच. एव्हरस्टोन (आईबापाचं नेचर पिलात उतरवणारी वस्तू) देऊन अंड्यांचे बॉक्स भरायचे ते वेगळंच. तो काळ असता तर मी दोन्ही गेम सारखेच म्हटले असते, कदाचित पोकेमॉनला अजून वाईट.

फरक पडला तो मिंट नावाच्या वस्तूमुळे. 2019 च्या स्वॉर्ड-शील्डपासून मिंट आहेत, स्कार्लेटमध्ये चॅन्सी सप्लाय या दुकानात गेममधल्या पैशांत 20,000 ला मिळतात, स्टोरी पुढे सरकल्यावर ही रक्कम काहीच वाटत नाही. मिंट दिला की स्टॅट त्या नेचरप्रमाणे वागतात, झालं. ज्याच्याबरोबर अख्खा गेम खेळलात तोच रँक्डला नेता येतो, त्याची जागा घ्यायला दुसरं पिलू काढावं लागत नाही.

आणि यात एक बारीक गोष्ट आहे जी मला मनापासून आवडते. मिंटने आकडे बदलतात, नेचरचं नाव बदलत नाही. लॅक्स म्हणून पकडलेला पोकेमॉन मिंटनंतर जॉलीच्या स्पीडने लढतो, पण त्याच्या पानावर लॅक्सच लिहिलेलं राहतं. टॉक्सेल या पोकेमॉनचं बघा, तो वाढून टॉक्सट्रिसिटी होताना ‘ॲम्प्ड’ रूप घेणार की ‘लो की’ रूप घेणार हे नेचरवर ठरतं, आणि तिथेही मूळ नेचरच धरतात, मिंट चालत नाही. म्हणजे हा मुळात कसा आहे ते त्याचं त्याच्याकडे राहिलं, आणि मला मॅचसाठी जे लागतं ते मला मिळालं. इतक्या सोप्या वस्तूने दोन्ही बाजू सांभाळलेलं दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मला तरी दिसलं नाही.

कोणी म्हणेल मग स्वभाव बिभाव काही नकोच, तर तसेही गेम आहेत. पोकेमॉन गोमध्ये नेचर नाहीच, पण तिथे आयव्ही (जन्मजात मिळणारे गुण) आहेत, तीन स्टॅटला 0 ते 15, आणि लोक पंधरा-पंधरा-पंधराच्या मागे लागून बाकीचे सोडून देतातच. नेचर काढलं म्हणून टाकून देणं थांबत नाही. कॅसेट बीस्ट्स या बाबतीत फार निवांत आहे, तिथे नेचर नाही, प्राणी टेपवर साठवलेले असतात, मूव्ह म्हणजे स्टिकर, एका टेपवरून काढून दुसऱ्यावर लावायचे. डोक्याला ताप नको असेल तर तो जरूर बघा. मला त्यात आपला असा एक प्राणी झाल्यासारखं वाटलं नाही, पण ही माझी आवड झाली, अनेकांना तोच सगळ्यात जवळचा वाटतो.

बेस उभारणं, कामं वाटून देणं, मित्रांबरोबर एका सर्व्हरवर राहणं यात जास्त रस असेल तर पॅलवर्ल्ड घ्या, तिथे स्वभावाचा परिणाम तासातासाला दिसेल, आणि चार परफेक्ट पॅसिव्हच्या मागे लागला नाहीत तर मला झाला तो त्रास बहुतेक होणारही नाही. पण एक टीम धरून तिच्याबरोबर लांबपर्यंत जायचं असेल तर मी स्कार्लेटच सुचवेन. आणि घेतलाच, तर पहिला पोकेमॉन हातात आल्यावर नेचर बघून रिसेट मारू नका. जे निघेल ते राहू द्या, स्टोरी त्याच्याबरोबर खेळा, आणि रँक्डला जायच्या आधी मिंट द्या.