व्हीसीआर किंवा कॅमकॉर्डर टीव्हीला जोडताना: कोणती जोडणी निवडावी?

साध्या व्हीएचएस फितीवर आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतकाच तपशील असतो, तर एस-व्हीएचएस आणि हाय-८ मध्ये तो सुमारे ४०० रेषांपर्यंत जातो. त्यामुळे टीव्ही कितीही मोठा असला, तरी जोडणी ठरवताना आधी फीत कोणती आहे हे पाहावे.

अँटेनाच्या सॉकेटमधून होणारी आरएफ जोडणी सर्वांत कमकुवत. तिच्यात चित्र आणि आवाज एका चॅनेलवर चढवून पाठवले जातात, आवाज बहुधा मोनोच मिळतो आणि टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनर नसेल तर काहीच दिसत नाही. दुसरा मार्ग उरलाच नसेल, तरच ती वापरावी.

पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांची कंपोझिट जोडणी साध्या व्हीएचएससाठी पुरेशी आहे. प्रकाशाचा आणि रंगाचा संकेत पिवळ्या तारेतून एकत्र येत असल्याने टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात आणि रंगांच्या कडांवर सरकणारे ठिपके दिसतात. एस-व्हिडिओमध्ये हे दोन संकेत वेगळ्या तारांतून येतात, म्हणून कडा स्वच्छ राहतात. मात्र त्या केबलमधून आवाज येत नाही, त्यासाठी पांढरी आणि लाल पिन लावावीच लागते. एस-व्हीएचएस, हाय-८ किंवा डीव्ही (डिजिटल फितीचे) यंत्र असेल आणि टीव्हीला हे सॉकेट असेल, तर एस-व्हिडिओच घ्यावे. साध्या व्हीएचएससाठी मुद्दाम नवी केबल आणण्याइतका फरक दिसत नाही.

खरी अडचण नव्या टीव्हींवर येते. पिवळे सॉकेट नाही म्हणून लगेच कन्व्हर्टर घेण्याची घाई करू नये: पुष्कळदा कॉम्पोनंटचे (हिरव्या, निळ्या आणि लाल अशा तीन तारांतून चित्र आणणाऱ्या जोडणीचे) हिरवे सॉकेटच पिवळ्या पिनेसाठीही वापरता येते किंवा ३.५ मिमीचे ‘एव्ही इन’ (चित्र आणि आवाज दोन्ही घेणारे छोटे गोल सॉकेट) दिलेले असते. या ३.५ मिमी अडॅप्टरमधील तारांचा क्रम मात्र सर्वत्र सारखा नसतो. चुकीचा अडॅप्टर लावल्यास चित्राऐवजी घरघर ऐकू येते. म्हणून टीव्हीच्या निर्मात्याने सुचवलेलाच अडॅप्टर घ्यावा.

यांपैकी काहीच नसेल, तर एव्हीचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. उलट दिशेचा कन्व्हर्टर दिसायला अगदी सारखाच असतो, तेव्हा खरेदीच्या वेळी डबीवरील इनपुट आणि आउटपुट वाचून घ्यावे. कन्व्हर्टरला वेगळी वीज लागते, बहुधा यूएसबीतून. त्यावरील ७२०/१०८० च्या बटणाने तपशील वाढत नाही. स्वस्त कन्व्हर्टर आंतरगुंफित (एकाआड एक ओळींच्या दोन भागांत येणारे) चित्र नीट सांधत नाहीत, त्यामुळे हालचालीच्या दृश्यांत कडांना कंगव्यासारखे दाते येतात. टीव्हीला स्वतःचे कंपोझिट इनपुट असेल, तर माझ्या मते तेच बरे. शिवाय अनेक कन्व्हर्टर ४:३ चे चित्र १६:९ मध्ये ताणून पाठवतात आणि काही टीव्ही एचडीएमआयवर हे प्रमाण बदलूच देत नाहीत, म्हणून ४:३ ची सोय असलेला कन्व्हर्टर शोधावा.