रोमन काळातल्या ज्यू वस्तूंचा प्रतिकृती संच: पाटी जमली, दिवा फसला

नागपुरात बर्डीवरच्या एका हस्तकलेच्या दुकानात चार नगांचा हा संच १,८०० रुपयांना मिळतो. इतिहास शिकवणाऱ्यांनी अख्खा घेऊ नये. सुटे नगही देतात, हे बरं आहे.

सगळ्यात सरस पाटी. रोममधल्या ज्यूंच्या भुयारी दफनस्थळांतल्या थडग्यावरच्या पाटीची ही प्लास्टरची नक्कल. मधे मेनोरा म्हणजे ज्यूंचा सात फांद्यांचा दीपवृक्ष, एका बाजूला शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग, दुसरीकडे एत्रोग, म्हणजे आपलं महाळुंगच. मजकूर ग्रीक: 'एन्थादे केइताइ', इथे निजला आहे. हिब्रू घालायचा मोह कारागिरानं आवरला, याचं कौतुक. तिथल्या पाट्यांवर ग्रीकच सर्वाधिक, मग लॅटिन. हिब्रू बहुतेक 'शालोम' (शांती) सारख्या एखाद्या शब्दापुरती. अक्षरांतला लाल रंग मात्र कच्चा आहे. कूलरच्या झोतात प्लास्टर ओल धरतं आणि रंग फुटतो, म्हणून आधी पातळ लाखेचा एक हात द्या.

दिवा 'हेरोदी' म्हणून विकतात, म्हणजे ज्यूंचा राजा हेरोद याच्या नावानं ओळखला जाणारा, इ.स. पहिल्या शतकाच्या आसपासचा. असली हेरोदी दिवा चाकावर घडवलेला. चोच वेगळी करून जोडायची, सुरीनं तासायची. टोक पसरट, नक्षी सहसा नाहीच. इथे दिवा दोन साच्यांतून काढलाय, कडेची शिवण नखाला लागते, आणि वर चक्क मेनोऱ्याचा ठसा! मेनोऱ्याचे साच्यातले दिवे नंतरच्या शतकांतले. पेटतो मात्र छान. तासभर पाण्यात बुडवून मगच तेल घाला, नाहीतर माती तेल पिते नि बुडातून पाझरते. वात चोचीबाहेर अर्धा सेंटिमीटरच ठेवा. जास्त काढली की काजळी.

रोमविरुद्धच्या ज्यू बंडाचा पुढारी बार कोखबा, त्याचं चांदीचं नाणं इथे जस्ताचं आहे. वजन ९ ग्रॅम. असली १४ च्या आसपास. ते चालवून घेता येईल. पण इ.स. १३२ ते १३५ च्या बंडात ही नाणी चलनातल्या रोमन नाण्यांवरच नवे ठसे मारून पाडली होती. त्यामुळे नाण्यावरच्या जेरुसलेमच्या मंदिराच्या खांबांआडून कधी जुन्या सम्राटाच्या चेहऱ्याची रेघ डोकावते. नक्कल गुळगुळीत, वर्गात दाखवायचं तेच गायब.

चौथं रोमन सम्राट वेस्पासियनचं 'युदेआ काप्ता' (युदेआ, म्हणजे ज्यूंचा देश, जिंकला) नाणं: खजुराखाली शोकात बसलेली स्त्री. ठसा स्वच्छ, अक्षरं वाचता येतात. पण ही इ.स. ७० मध्ये जेरुसलेम पाडणाऱ्यांची जाहिरात, ज्यूंच्या जगण्याची खूण नव्हे. खोक्यावर चित्र मात्र हिचंच.

सुटी पाटी ६५० ला पडते. घेताना पाठीवर बोटानं टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर आत हवेचा फुगा आहे, दुसरी मागा.