अध्यक्ष नको, पण गट टिकायला हवा: चार पद्धती शेजारी शेजारी

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही नव्या गटाच्या पहिल्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्यात कुणी अध्यक्ष नाही, सगळे सारखे." मग ती गडावर झाडं जगवणारी पोरं असोत, नदीकाठ साफ करणारे असोत, की तळ्यातला गाळ काढायला निघालेले गावकरी. बोलणारा मनापासून बोलत असतो. सोसायटी, पतसंस्था, कारखाना, गणेश मंडळ, सगळीकडं एका नावाभोवती गट पडताना त्यानं पाहिलेले असतात. निदान इथं तरी ते नको, असं त्याला वाटतं. मलाही तसंच वाटतं, म्हणून हा आढावा.

माझं म्हणणं एवढंच आहे की अध्यक्ष काढता येतो, अध्यक्षाची कामं काढता येत नाहीत. वेळ कोण ठरवणार, वाटा कसा पडणार, तक्रार कोण ऐकणार, न येणाऱ्याला कोण विचारणार, आणि "आता ठरलं" असं कधी म्हणायचं? ही कामं एखाद्या नियमाकडं सोपवली नाहीत तर ती गटातल्या मोठ्या आवाजाकडं जातात. 1970 च्या आसपास अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती गटांना हा अनुभव आला. रचना नको म्हणून त्यांनी पदं ठेवली नाहीत, आणि मैत्रिणींची आतली टोळीच सगळं ठरवू लागली. तिला कुणी निवडलेलं नव्हतं, त्यामुळं तिला कुणी हटवूही शकत नव्हतं.

तेव्हा पद्धत निवडताना "नेता आहे का" हे बघू नका. वरची कामं तिथं कोण करतं ते बघा.

मोकळा गट

व्हॉट्सॲपवर गट काढला, ज्याला जमेल त्यानं यावं. याला हसू नका. काही कामांना याहून चांगली पद्धत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगराला वणवा लागतो, धूर सगळ्या साताऱ्याला दिसतो. कुणी निरगुडीच्या ओल्या फांद्या घेऊन झोडपायला लागतो, कुणी पुढं जाऊन गवत काढून जाळरेषा करतो. पुढचं काम काय, हे आगच दाखवते.

सांगलीत पुराच्या वेळी हेच होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ. पाऊस लागला, कोयनेतून विसर्ग वाढला की गावभर एकच प्रश्न फिरतो, "आयर्विनला किती?" त्या एका आकड्यावर सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरातली माणसं सामान कधी वर चढवायचं ते ठरवतात आणि नदीकाठची गावं जनावरं कधी हलवायची ते. हुकूम कुणाचाच नसतो. सगळे एकाच खुणेकडं बघत असतात, म्हणून हजारो घरांचं वागणं जुळतं. पण खूण जुनी झाली की हीच पद्धत दगा देते. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आणि 2005 च्या पुराची खूण धरून निर्धास्त राहिलेली कितीतरी घरं बुडाली.

मोकळा गट खरा अडखळतो तो पूर ओसरल्यावर. मदत कुणाला आधी, किती, उरलेल्या पैशांचं काय? या प्रश्नांना आयर्विनसारखी खूण नसते. दोनशे जणांच्या गटात मग चार जण बोलतात आणि बाकीचे अंगठे दाखवतात. हिवाळ्यात आपल्या शाळूच्या रानांवर भोरड्यांचे थवे वळताना बघा. रोमच्या आकाशातल्या त्यांच्याच जातकुळीतल्या पक्ष्यांवर 2008 साली अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात पक्ष्यांशीच आपली चाल जुळवतो, सगळ्या थव्याशी नाही. आपण मात्र दोनशे जणांनी दोनशे जणांचं ऐकावं असा गट काढतो.

बचत गट

दहा ते वीस जणी, ठरलेला वार, ठरलेली रक्कम, आणि वही. 1992 मध्ये नाबार्डनं, म्हणजे शेती नि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, 500 गट बँकांना जोडण्याचा प्रयोग केला, तिथून ही पद्धत देशभर पसरली. तिची पंचसूत्री गावातल्या बाईला तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब.

कागदावर इथं अध्यक्ष आणि सचिव असतात. तरी गट त्यांच्यावर उभा नसतो, तो गोल बसण्यावर उभा असतो. पैसे मधोमध मोजले जातात, आकडा मोठ्यानं वाचला जातो, पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या. कर्ज कुणाला द्यायचं ते सगळ्याजणींसमोरच ठरतं. चुकवेगिरी लपायला जागाच राहत नाही.

दुखणं एकच, पण नेमकं. वही जिला नीट लिहिता येते ती कायमची सचिव होते. मग बँकेत तीच जाते, साहेबांशी तीच बोलते, आणि दोन-तीन वर्षांत गट "तिचा" म्हणून ओळखला जातो. तिचा यात दोष नसतो, बहुतेक वेळा तीच सगळ्यात जास्त राबलेली असते. उपाय हाच की पाळी फिरवायची, आणि पाळी यायच्या आधी पुढचीला वही लिहायला शेजारी बसवायचं. शिकवल्याशिवाय फिरवलेली पाळी पहिल्याच महिन्यात परत जुन्या हातात जाते.

पाणीवाटप

आपल्या भागानं जगाला दाखवावी अशी गोष्ट इथं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण आहे. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून ते उभं केलं. नदीची वाळू बाहेरचे ठेकेदार उपसून नेत होते. गावकऱ्यांनी म्हटलं, वाळू आमची, तिचा पैसा आमच्या धरणाला. आणि पाणी जमिनीच्या मापानं न देता सगळ्यांना सारखं द्यायचं ठरलं, भूमिहीनालाही. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत धरलेलं तत्त्व असंच होतं: माणशी पाणी, जमिनीला चिकटलेला हक्क नाही, आणि ऊस नाही. पुढं आटपाडीकडं समन्यायी वाटपाचा आग्रह धरला गेला तो याच वाटेनं.

अशी व्यवस्था हुकमाशिवाय कशी चालते? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रश्नावरच्या कामासाठी. देशोदेशींची राखलेली कुरणं, जंगलं, पाट त्यांनी तपासले. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: कोण आत आणि कोण बाहेर हे स्पष्ट, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, देखरेख त्यांचीच, दंड पायरीपायरीनं वाढणारा, आणि भांडण मिटवायची जागा जवळ व स्वस्त.

देखरेखीचा मुद्दा पाटावर उभं राहून बघावा. माझी पाळी पहाटे चारला संपते. पुढची पाळी ज्याची, तो पावणेचारलाच बॅटरी घेऊन बांधावर येतो. त्याला कुणी पहारेकरी नेमलेलं नसतं. मी दहा मिनिटं जास्त घेतली तर ती त्याची जातात, म्हणून तो जागा असतो. माझ्या आधीच्याच्या बांधावर मीही अशीच उभी होते. ज्याचं नुकसान होणार त्याच्याच हातात नजर ठेवायचं काम पडेल असा नियम बांधला, की अर्धा अध्यक्ष तिथंच वाचला.

दंड पायरीपायरीनं हेही महत्त्वाचं. पहिल्यांदा चुकला तर चारचौघांत विचारायचं, दुसऱ्यांदा रक्कम, मग एक पाळी बंद. पहिल्याच चुकीला बाहेर काढणारा गट लवकर रिकामा होतो, आणि कधीच न विचारणारा त्याहून लवकर.

ही पद्धत जिथं मोजता येणारी, संपू शकणारी वस्तू वाटून घ्यायची आहे तिथंच बसते. झाडं लावणाऱ्या गटाला तिचा सगळा डोलारा नको.

दिंडी

मोठ्या संख्येचा प्रश्न असेल तर मी दिंडीकडं बघते. माउलींची पालखी नीरा ओलांडून साताऱ्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते. लाखो माणसं चालतात आणि चुकत नाहीत. कारण लाखोंना कुणी चालवत नाही. माणूस दिंडीत असतो, दिंडीला क्रमांक असतो, तो क्रमांक रथाच्या पुढं किंवा मागं ठरलेला असतो. पुढं पताका, मग टाळकरी, पखवाज, मधे वीणेकरी, मागं तुळशी घेतलेल्या बाया. कुठल्या वेळी कुठले अभंग तेही ठरलेलं. भजनाची मालिका माहीत असली की वीणा कुणाच्याही गळ्यात द्या, दिंडी चालते. ही शिस्त 19 व्या शतकात बसवली ती साताऱ्याजवळच्या आरफळच्या हैबतबाबांनी.

संध्याकाळची समाजआरती मला सगळ्यात मोलाची वाटते. तळावर दिंड्या उभ्या राहतात, टाळ वाजत असतात. सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतात आणि एवढा समुदाय गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. जागा मिळाली नाही, पाणी आलं नाही, काहीही असो. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, तोडगा सांगतात, आणि टाळ थांबल्यावरच आरती होते. तक्रार करायला परवानगी लागत नाही, ती सगळ्यांसमोर होते आणि त्याच दिवशी मिटते.

दिंडीत नेताच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मालक असतात, चोपदार असतात, संस्थान असतं. पण त्यांचा हात आखूड आहे. दिंडीच्या आतल्या स्वयंपाकात, राहुटीत, भजनात ते शिरत नाहीत. तुमच्या कामात पाच-पंचवीस गावं असतील तर हेच घ्या: छोटी पथकं, ठरलेला क्रम, आणि दिवसातून एकदा सगळ्यांनी एकत्र थांबायची वेळ.

ठरलं असं कधी म्हणायचं?

पद्धत कुठलीही असो, हा प्रश्न उरतोच. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर एक अडेलतट्टू गट ओलीस धरतो. बहुमत घेतलं तर हरलेले कामाला येत नाहीत. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथल्या मधपाळांचं आयुष्य ज्या किड्याभोवती फिरतं, त्यानं या प्रश्नाचं चांगलं उत्तर काढलंय. पोळं फुटून थवा बाहेर पडला की नवं घर राणी निवडत नाही. काहीशे शोधक माश्या जागा बघून येतात आणि नाचून दिशा नि अंतर सांगतात. जागा चांगली असेल तर नाच जास्त वेळ चालतो. दुसऱ्या स्वतः जाऊन जागा बघतात, नुसत्या ऐकीव गोष्टीवर नाचत नाहीत. एका जागी वीस-तीस माश्या एकाच वेळी जमल्या की निर्णय पक्का, आणि सगळा थवा उठतो.

गटासाठी यातून दोन गोष्टी घेता येतात. सूचना करणाऱ्याखेरीज आणखी तिघा-चौघांनी जागेवर जाऊन बघितल्याशिवाय विषय मांडायचा नाही. आणि "किती जण तयार असले की काम सुरू" हा आकडा आधी ठरवायचा. वीसजणांच्या गटात सात जण कुदळ घेऊन यायला तयार असतील आणि कुणाचा ठाम विरोध नसेल, तर सुरू करा.

मग काय निवडावं

काम अचानक येणारं आणि डोळ्यांना दिसणारं असेल तर मोकळा गट पुरे, फक्त त्याच्याकडं पैसे ठेवू नका. वीसच्या आत माणसं आणि हातात पैसा असेल तर बचत गटाची पद्धत, फिरत्या वहीसकट. पाणी, चारा, अवजारं वाटून घ्यायची असतील तर पाटाचे नियम. गावं अनेक असतील तर दिंडी. नव्या गटाला विचाराल तर मी बचत गटापासून सुरुवात करायला सांगेन. त्यात गटाला हिशेब मोठ्यानं वाचायची सवय लागते, आणि ती पुढं सगळीकडं उपयोगी पडते.

बाहेरून देणगी येऊ लागली की नोंदणीचा प्रश्न येईल. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्थेला किमान सात जण लागतात, शिवाय महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंद होते. तिथं पदाधिकाऱ्यांची नावं द्यावीच लागतात. देऊन टाका, पण संस्थेच्या घटनेत मुदत एक वर्षाची ठेवा, एकाच माणसाला लगेच दुसऱ्यांदा ते पद नको असं लिहा, आणि नावं बदलली की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देण्याचं काम ज्याची मुदत संपतेय त्याच्याकडंच सोपवा.