कॅलामाईन लोशन: घामोळ्यांना चालतं, प्रत्येक खाजेला नाही

मी नागपुरात प्रतापनगरला डबे देते. मे महिन्यात पारा 45 च्या वर, समोर दोन शेगड्या पेटलेल्या, आणि कूलर इकडे वळवला की गॅस फडफडतो. त्यामुळे मानेवर, पाठीवर आणि कोपराच्या खोबणीत घामोळ्या दरवर्षी ठरलेल्या. त्यांच्यासाठी घरात साधं, बिनवासाचं कॅलामाईन असतं. कंपनी कोणतीही चालते.

ह्यात मुख्य असतं झिंक ऑक्साइड. गुलाबी रंग येतो तो चिमूटभर आयर्न ऑक्साइडचा. पावडर तळाशी बसते. बाटली न हलवता ओतलं की वरचं पाणीच हातावर येतं, आणि मग लोक म्हणतात, ‘काही फरक नाही बाप्पा!’

रात्री साध्या पाण्यानं अंघोळ करायची, अंग खसाखसा न पुसता टिपायचं, पंख्याखाली कोरडं होऊ द्यायचं आणि कापसाच्या बोळ्यानं पातळ थर द्यायचा. पाणी उडताना गार लागतं, टोचणी कमी होते, झोप लागते. सकाळी पांढुरकी पापडी उरते. ती नखानं न खरवडता धुऊन टाकायची. गडद ब्लाउजवर डाग पडतात. आणि कणीक मळायच्या आधी हाताला तर मुळीच लावू नका, पापुद्रे सरळ परातीत पडतात.

लोशन आराम देतं, घामोळ्या जातात त्या घाम कमी झाल्यावरच. घामाच्या नळ्यांची तोंडं बुजून घाम कातडीखाली अडकलेला असतो, म्हणून सैल सुती कपडे हवेत आणि वरून काही थापायला नको. सासूबाई खोबरेल तेलाचा आग्रह धरतात. डिसेंबरात त्यांच्या नडग्या कोरड्या पडून खाजतात, तेव्हा अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल किंवा पेट्रोलियम जेली लावली की छान उतार पडतो. तिथे कॅलामाईन उलट कातडी आणखी सुकवतं. पण मे महिन्यात पाठीवर तेल? नाही हो आई.

लाल कडेचा, मधून साफ होत जाणारा गोल चट्टा म्हणजे बहुतेक नायटा, कातडीवरची बुरशी. तिथे हे लोशन वाया. माझ्याकडे डबा घेणाऱ्या एका पोरानं दुकानातून चिठ्ठीशिवाय ‘खाजेची ट्यूब’ आणली होती. तसल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं: खाज लगेच थांबते आणि बुरशी गुपचूप पसरत राहते. त्याचा चट्टा मांडीभर झाल्यावर तो त्वचेच्या डॉक्टरकडे गेला. रात्री घरातले सगळेच खाजवत असतील, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर खरूज असू शकते. मग औषध सगळ्यांनी एकदमच घ्यावं लागतं, तेही डॉक्टरांना दाखवून. चिघळलेल्या जागेवर आणि डोळ्यांजवळ कॅलामाईन लावू नका.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो डागांचा. माझा जांभळा ब्लाउज अजून साबणात भिजतोय.